झेनॉर, किप्टन आणि केतकीचा अंतरपाट

आधीच सांगून ठेवते, माझं बोलणं कुणाला टोचलं तर मी जबाबदार न्हाय. शाहूपुरीत आमचा फोटो स्टुडिओ हाय. लग्नाचे फोटो काढत्यात आमचे हे, विश्वजितराव, आणि आल्बम लावते मी, पूर्णिमा. ढीगभर फोटोतनं चांगले निवडायचे, कुणाच्या मावशीनं डोळं मिटल्यात ते काढून टाकायचं, कुणाचा रुसका काका राहिलाय का ते बघायचं, ही माझी कामं. आमची एकुलती एक पोरगी केतकी त्याच स्टुडिओत, माझ्या कॉम्प्युटरशेजारी बसून अभ्यास करत मोठी झाली.

विश्वजितरावांचं एक मात्र मानायला पायजे. अंतरपाट खाली आला की त्या पहिल्या क्षणाला नवरीचा चेहरा कसा हुतोय, ते ह्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला घावत न्हाय. अक्षता पडायला लागल्यात, बँडवाला उठलाय, आणि पोरगी मान वर करून समोर बघते. तसं ती पुन्हा जन्मात बघत न्हाय. आमच्या दुकानाच्या काचेत तसले फोटो मोठे करून लावल्यात. येणाऱ्याजाणाऱ्या आया काचेपुढं थांबत्यात आणि डोळ्याला पदर लावत्यात.

आया का रडत्यात तेबी सांगते. आमच्याकडं नवरीच्या आईनं अक्षता बघायच्या न्हाईत. मंगलाष्टका सुरू झाल्या की तिनं मागं जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं. जिनं पोर जन्माला घातली तिला सोडून सगळ्या गावानं बघायचं. का, म्हणून विचारलं तर 'असतंय तसं' एवढंच उत्तर मिळतंय. मग तिनं तो क्षण बघायचा कुठं? आल्बममध्ये. म्हणून केतकीचं ठरलं तवा मी विश्वजितरावांना सांगितलं, "मला पाटल्या नकोत, शालू नको. तेवढा एक फोटो द्या. लोकांच्या पोरींचे निवडून निवडून माझे डोळे गेले. आता माझ्या पोरीचा बघायचाय मला."

"अगं, हे काय सांगायचं झालं व्हय," ते म्हणाले. "आणि झेनॉरवर काढायचाय म्हटल्यावर तर बघायलाच नको."

झेनॉर म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. झेनॉर म्हंजे कॅमेऱ्यात घालायचं कार्ड. नखाएवढं असतंय, फोटो त्याच्यात साठत्यात. माणसानं विकत आणावं, कॅमेऱ्यात घालावं आणि विसरून जावं, एवढीच त्याची लायकी. पण आमच्या कोल्हापूरच्या माणसाला ईर्षा लागते. फुटबॉल असू दे, म्हस असू दे, मंडळाचा गणपती असू दे, समोर कुणीतरी पायजेच. समोर कुणी नसलं तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत न्हाय.

विश्वजितरावांच्या समोरचा म्हंजे शशिधर. त्याचा स्टुडिओ आमच्या दारासमोरच, रस्ता ओलांडला की झालं. गडहिंग्लजकडचा माणूस, घरात कानडी बोलतोय, बाहेर आमच्यापेक्षा खणखणीत मराठी. हे दोघं एकाच उस्तादाकडं फोटोग्राफी शिकले. एकाची लेन्स बिघडली तर दुसरा आपली काढून द्यायचा. केतकी लहान असताना शशिधरच्या खांद्यावर बसून जत्रा बघून आलती. असलं सगळं गोड चाललं हुतं, आणि मग बसाप्पा अण्णानं टी-शर्ट वाटले.

बसाप्पा अण्णाचं कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान आमच्याच रस्त्याला हाय. त्याच्याकडं दोन कंपन्यांची कार्डं आली, झेनॉर आणि किप्टन. झेनॉरवाल्यानं लाल टी-शर्ट पाठवले, किप्टनवाल्यानं निळे. ह्यांना लाल बसला, शशिधरला निळा. एवढंच झालं. अंगाला माप बरोबर आलं म्हणून माणसं जन्माची निष्ठा वाहायला तयार झाली.

महिन्याभरात फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन ग्रुप झाले. कोपऱ्यावर डिजिटल बोर्ड लागला, 'झेनॉर ग्रुप, शाहूपुरी. नाद करायचा न्हाय.' त्यात पंधरावीस जणांचे गॉगल घातलेले फोटो, मधी आमचे हे मिशीला पीळ देताना. दुसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा हातभर उंच बोर्ड समोर लागला, 'आम्ही नादाला लागत न्हाय, आम्ही नाद लावतोय. किप्टन बॉईज.' मग झेनॉरवाल्यांनी इंटरनेटवर शोधून कंपनीचा वाढदिवस काढला आणि चौकात केक कापला. कंपनीच्या मालकाचा फोटो मिळेना, म्हणून कुठल्यातरी टकल्या गोऱ्या साहेबाचा बोर्डावर छापला. तो साहेब औषधाच्या कंपनीचा निघाला, पण तोवर त्याला हार घालून झालता.

चांगलं कार्ड कुठलं, ह्याच्यासाठी एकदा रीतसर सामना ठरला. रविवारी मटणाचं जेवण केलं, तांबड्या रश्शाच्या उकळत्या पातेल्यात दोन्ही कार्डं सोडली. बाहेर काढून पुसली, कॅमेऱ्यात घातली, दोन्ही चालली. माझ्या हिशेबानं विषय तिथं संपला. न्हाय. किप्टनचं कार्ड तर्रीत तरंगत हुतं आणि झेनॉरचं तळाला मटणाखाली गेलतं, म्हणून आमचं जास्त शिजलं, असं विश्वजितरावांचं म्हणणं. ह्यावर दोन पार्ट्या आठ दिवस बोलत न्हवत्या. ह्यांच्या पँटीच्या खिशातनं एक झेनॉर माझ्या वॉशिंग मशिनमधनं फिरून आलतं, तर ती बी बातमी ग्रुपवर टाकली. साबण कुठला तेवढं विचारायचं राहिलं हुतं.

मी शेवटी बसाप्पा अण्णाच्या दुकानात गेले. म्हटलं, "अण्णा, खरं सांगा, दोन्हीत चांगलं कुठलं?"

अण्णानं इकडंतिकडं बघितलं आणि काउंटरखालचं एक मोठं खोकं वर घेतलं. "अक्का, तुला म्हणून सांगतो. दोन्ही एकाच कारखान्यातनं येत्यात. वरचं कागद तेवढं येगळं. हे बघ, दोन्ही एकाच खोक्यात."

मी तशीच घरी आले आणि ह्यांना सांगितलं. मला वाटलं, ऐकून तरी लाज वाटंल. विश्वजितरावांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "एकाच आईची दोन पोरं सारखी असत्यात व्हय?"

केतकीला बघायला पावणं आले तवाचं सांगते. मुलगा ऋतुराज, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत इंजिनियर, गाव राधानगरीकडं. वडील हंबीरराव, घरचा ऊस, म्हशी, माणसं सरळ. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं. विश्वजितराव जरा पुढं सरकले आणि मुलाला विचारत्यात, "मोबाईलमध्ये कार्ड कुठल्या कंपनीचं हाय?"

ऋतुराज म्हणाला, "मामा, आता मोबाईलला कार्ड लागतच न्हाय."

विश्वजितराव तसेच मागं सरकले. मला वाटलं, स्थळ गेलं. केतकी आतल्या खोलीत उशी तोंडाला लावून हसत हुती. कसंबसं मी चिवड्याचं ताट पुढं केलं आणि हंबीररावांना म्हशींचं विचारलं, म्हणून निभावलं.

पण खरा घोळ पुढं झाला. हंबीरराव म्हणाले, मुलीच्या बापानं सगळा वेळ कॅमेरा धरून फिरणं बरं दिसत न्हाय, आमच्याकडनं बी एक फोटोग्राफर आणतो, आमच्या थोरल्याच्या लग्नाला आणलता तोच. मी आनंदानं व्हय म्हटलं. दोन कॅमेरे म्हंजे माझा फोटो दुप्पट पक्का. नंतर कळलं की तो फोटोग्राफर म्हंजे शशिधर.

त्या दिवसापासनं आमच्या घरात लग्न न्हवतं, सामना हुता. मी रुखवताचं बोलावं, तर हे कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोजत बसलेले. मी म्हटलं, "त्याला फोन करा, कोण कुठं थांबणार ते ठरवून घ्या." म्हणाले, "त्याचं किप्टन भर लग्नात अडकणार हाय. मी फक्त बघणार." आणि मला केतकीच्या मैत्रिणीकडनं कळलं, समोर शशिधर बी लोकांना हेच सांगत हुता, फक्त कार्डाचं नाव बदलून. कार्ड अडकल्यावर समोरच्याचं तोंड कसं हुतंय ह्याचा फोटो ज्याला मिळंल त्याचा बोर्ड चौकात लागणार, असं दोन्ही ग्रुपवर ठरलं हुतं. मी ह्यांच्यापुढं हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "काय करायचं ते रिसेप्शनला करा. अंतरपाटाच्या वेळी माझ्या पोरीवरनं नजर काढू नका."

"पूर्णिमा," ते म्हणाले, "मी बाप हाय तिचा." एवढं बोलले तवा डोळे भरून आलते त्यांचे. म्हणून मी विश्वास ठेवला.

लग्नाला हॉल भरला. मंडपात दोन्ही बाजूला बसाप्पा अण्णानं स्वखुशीनं बोर्ड लावलते, नवरीच्या बाजूला लाल, नवऱ्याच्या बाजूला निळा, मधी बारक्या अक्षरात वधूवरांची नावं. विश्वजितरावांनी फेट्याखाली, नव्या सदऱ्यावरनं झेनॉरचं जाकीट घातलं हुतं. नवरीचा बाप म्हणून कुणी ओळखेना. एका पाहुण्यानं त्यांनाच विचारलं, "भाऊ, मुलीचे वडील कुठं घावतील?"

मंगलाष्टका सुरू झाल्या तशी चिमणाबाई आत्या माझ्या दंडाला धरून मला मागं घेऊन गेल्या. ह्या माझ्या सासऱ्यांच्या बहीण. घरातलं शास्त्र सगळं त्यांच्या तोंडात असतंय. हॉलच्या मागच्या दाराबाहेर आचाऱ्यांची जागा, तिथं कडेला एका प्लास्टिकच्या कुंडीत तुळस ठेवलती. "बस हितं. तोंड तुळशीकडं कर. वळून बघायचं न्हाय," आत्या म्हणाल्या.

मी बसले. खोटं कशाला बोलू, मला उठावंसं वाटत हुतं. पण मनात आलं, आपण बघितलं आणि उद्या पोरीच्या संसाराला काय झालं, तर जन्मभर मलाच खात राहील. तांब्यानं पाणी घालत राहिले. स्पीकरवर भटजींचा आवाज, शेजारी आचारी जिलेबीचा पाक ढवळतोय. 'सावधान' ऐकू आलं, मग टाळ्या, मग बँड. कुंडीतनं पाणी वाहून माझ्या साडीच्या काठाला लागलं हुतं. मी मनाला म्हटलं, ऱ्हाऊ दे, दोन कॅमेरे हाईत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांची पांगापांग झाली तशी मी ह्यांना म्हटलं, "लावा टीव्हीला." विश्वजितराव म्हणाले, जरा आराम कर, मी आधी निवडतो. जन्मात कधी ह्या माणसानं फोटो निवडले न्हाईत. मी कार्ड हातातनं काढून घेतलं आणि स्वतः लावलं.

हळद चांगली आलती. मंडपात येताना केतकी देखणी आलती, मामाचा हात धरलेली. अंतरपाट धरला, पहिली मंगलाष्टका, दुसरी, आणि मग शशिधर. निळ्या टी-शर्टात वाकून कॅमेऱ्याकडं बघणारा शशिधर. पुढचा फोटो शशिधर. त्याच्या पुढचा शशिधर, मान वर केलेला. मी बटण दाबत गेले आणि शशिधर येत गेला. मागं धूसर असं काहीतरी पिवळं दिसत हुतं, ती अक्षता पडत असताना माझी पोरगी हुती. मग एकदम गळ्यात हार घातलेली केतकी.

"त्याचं अडकलं हुतं," विश्वजितराव हळू म्हणाले. "मला वाटलं, एक फोटो घ्यावा आणि लगेच वळावं. भटजीनं एकदम आटपलं."

मी व्हिडिओ मागितला. व्हिडिओवाला आमचाच माणूस, मालक जिकडं वळले तिकडं त्यानं बी कॅमेरा वळवलता. नातेवाइकांच्या मोबाईलमधलं मागवून घेतलं. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये स्टेजपुढं उभ्या असलेल्या फोटोग्राफरांच्या पाठी हुत्या. झेनॉर हे नाव मात्र सगळ्यांत स्पष्ट वाचता येत हुतं.

मी चप्पल घातली आणि रस्ता ओलांडून शशिधरच्या स्टुडिओत गेले. माझी सगळी आशा आता त्या किप्टनवर हुती. मला बघितल्यावर तो उठून उभा राहिला. "वहिनी, बसा," म्हणाला, पण माझ्याकडं बघंना. मला तिथंच कळायला पायजे हुतं.

"भावजी, अंतरपाटाचा दाखवा."

त्यानं कॉम्प्युटर चालू केला. आमचे हे हुते पडद्यावर. लाल जाकीट, फेटा जरा कलंडलेला, कॅमेरा डोळ्याला, तोंडावर हसू. एकामागनं एक. शशिधर म्हणाला, "भराभरा फोटो काढले की कॅमेरा थोडा दम खातोय, तेवढंच थांबलतो मी. वर बघतोय तर ह्यानं नवरीवरनं कॅमेरा काढलेला. मला वाटलं ह्याचंच कार्ड गेलं. म्हटलं, बोर्डापुरता एक घेऊ." त्यानं माऊस बाजूला सारला. "चुकलं वहिनी."

तेवढ्यात विश्वजितराव मागनं आले. मला वाटलं, आता दोघं एकमेकाचं डोकं फोडतील, आणि मला ते बघायचं बी हुतं. पण विश्वजितराव पडद्याजवळ गेले, वाकले, आणि स्वतःच्या मिशीकडं बघत राहिले.

"बारीक केस बी सुटा दिसतोय की गा," म्हणाले.

"तुझ्यातलं दाखव," शशिधर म्हणाला.

आणि दाखवलं. खिशातनं कार्ड काढून तिथंच लावलं. दोघं खुर्च्या ओढून शेजारी बसले. शशिधरच्या नाकावरचा घाम झेनॉरमध्ये जास्त उठून आलाय, का विश्वजितरावांच्या फेट्याचा रंग किप्टनमध्ये जास्त खरा आलाय, ह्यावर त्यांचं सुरू झालं. लई दिवसांनी बोलत हुते एकमेकाशी. कुणीतरी बसाप्पा अण्णाला बी कळवलं, तो आला आणि म्हणाला, "काय फोटो हाईत. दोन्ही द्या मला, दोन्ही कंपन्यांना पाठवतो, पोस्टर करतील."

मग माझा तोल सुटला. "पोस्टरवर खाली लिवा," मी म्हटलं, "की ह्या दोघांच्या मागं जी पिवळी धूळ दिसते ती माझी पोरगी हाय. नऊ महिने पोटात ठेवली, पंचवीस वर्सं संभाळली, आणि ती मान वर करून बघायला लागली तवा तिचा बाप दुसऱ्याच्या नाकावरचा घाम टिपत हुता. कार्ड चांगलं हाय तुमचं. दोन्ही चांगली हाईत. माणसं फुकट गेली." अण्णानं मान खाली घातली. विश्वजितराव काय बोलायला गेले, ते ऐकायला मी थांबले न्हाय.

घरी येऊन केतकीला फोन लावला. ती राधानगरीकडं सासरी, मागं बायकांचा गलका चाललेला. मी काय रडले न्हाय. सरळ विचारलं, "बाळा, मला एवढंच सांग, अंतरपाट खाली आला तवा तू कशी बघितलीस? हसलीस का ऋतुराजकडं बघून? का रडू आलं? तू सांग, मी डोळं मिटून बघते."

केतकी फोन घेऊन गलक्यातनं बाजूला गेली. मग म्हणाली, "मी त्याच्याकडं न्हवतेच बघत गं. त्याला रोजच बघायचंय आता."

"मग?"

"मागच्या दाराकडं बघत हुते. म्हटलं, चोरून का हुईना, तू येशील."

दार उघडंच हुतं. मी त्याच्याकडं पाठ करून बसले हुते.